दारं-खिडक्या वजा न करता

सुदेशने आयुष्यभर भिंती मोजल्या. रंगकामाच्या एका ठेकेदाराकडे तो एस्टिमेट काढायचं काम करत असे. ठाण्यात कुठे नवी इमारत उभी राहिली की हा टेप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरणार, लांबी-उंची घेणार आणि संध्याकाळपर्यंत किती पुट्टी, किती रंग, किती माणसं ते सांगून मोकळा होणार. हे वळण वडिलांचं. धोंडीबा रंगारी म्हटलं की कोपरच्या जुन्या चाळींतले दोन-चार म्हातारे अजून मान डोलावतात. धोंडीबा, म्हणजे पोरांचे आबा, मापं घ्यायला जाताना दोघांनाही बरोबर नेत. टेपचं एक टोक सुदेशच्या हातात, दुसरं योगिनीताईच्या. आणि भिंतीगणिक त्यांचं एकच सांगणं असे, की दारं-खिडक्या वजा करायच्या नाहीत. खिडकीला रंग लागत नाही हे खरं, पण तिच्या कडा, कोपरे आणि गज रंगवण्यात एवढा वेळ मोडतो की वजावट केली तर रंगारी उपाशी मरेल. म्हणून भिंत अख्खी धरायची.

धंद्यात हा नियम बरोबरच आहे. पण माणूस एकदा एका मापाला सोकावला की जगातल्या सगळ्या गोष्टी त्याच मापाने मोजायला लागतो, आणि सुदेशचं घोडं नेमकं इथेच पेंड खायला लागलं.

झालं असं, की योगिनीताईचं यकृत निकामी होत चाललं होतं. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, माजिवड्याला राहणारी. दारूच्या थेंबाला न शिवलेली, बाहेरचा वडापाव खायचा तर आधी तेल कधीचं आहे ते विचारणारी. पण शरीराची जी शक्ती रोगाशी भांडायची, तीच तिच्या यकृतावर उलटली. दोन वर्षं औषधांवर निभावलं. मग डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साचायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता दुसरं यकृत बसवायला हवं. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा चालतो. देणाऱ्याचं पुन्हा भरून येतं, घेणाऱ्याच्या पोटातही तो तुकडा वाढतो. ताईचे यजमान प्रशांत यांचा रक्तगट जुळेना, मुलगी अजून अठराची नव्हती. जुळला तो सुदेशचा. ताई दोनदा नको म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही आणि डॉक्टरांनाही पुढे बोलू दिलं नाही.

"घ्या," तो म्हणाला. "कधी येऊ सांगा."

डॉक्टरांनी एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि स्कॅन करायला पाठवलं. स्कॅनचा निकाल आला तेव्हा त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"तुमच्या यकृतात चरबी आहे, बरीच. असा तुकडा तिकडे नीट चालणार नाही, आणि कापून घेतला तर इकडे तुम्हालाही धोका. सात-आठ किलो उतरवा. दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर प्रतीक्षायादी. तिथे नंबर कधी लागेल ते माझ्या हातात नाही."

बाहेर बाकावर ताई बसली होती. सुदेशने मान खाली घालून सगळं सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"चरबी असणारच. माझ्या वाटची साय कोणी खाल्लेली?"

ते खरंच होतं. त्यांच्या लहानपणी घरात दूध यायचं अर्धा लिटर. त्याची साय निघायची दोन चमचे, दोघांना एकेक. ताई आपला चमचा घ्यायची आणि सुदेशच्या भाकरीवर ठेवायची. मला सायीचा वास येतो, म्हणायची. सुदेशने वर्षानुवर्षं ते खरं मानलं. पुढे ताईच्या लग्नानंतर तो तिच्या सासरी गेला, तेव्हा ती वाटीभर साय साखर घालून मिटक्या मारत खात होती. त्या दिवशी त्याने चहाचा कप तसाच ठेवला. तेव्हापासून आपण ताईचं काहीतरी खाऊन बसलोय ही भावना त्याला कधी सोडून गेली नव्हती. आता ते परत करायची वेळ आली होती आणि आडवी आली होती तीच साय.

घरी आल्यावर त्याने मोबाइल काढला आणि कुठल्या व्यायामाने किती कॅलरी जळतात ते शोधायला बसला. चालण्याने फारच थोड्या. पळण्याने पुष्कळ, पण गुडघे ऐकेनात. खाली खाली जाता कराटे दिसलं, आणि आकडा पाहून त्याचे डोळे चमकले. शाळेत असताना त्याने दोन वर्षं कराटे केलं होतं. पिवळा पट्टा मिळाला होता, तो कपाटात कुठेतरी असायला हरकत नव्हती. हिशेबही सोपा होता. आपलं वजन, त्याला वर्गाचे तास, त्याला कराट्याचा ठरलेला आकडा, असा गुणाकार. वजन अठ्ठ्याऐंशी, वर्ग दीड तासाचा. उत्तर आलं तेराशेच्या वर.

"एका वर्गाला तेराशे," तो शुभदाला म्हणाला. शुभदा त्याची बायको. "आठवड्याचे पाच वर्ग. बघ तू, दोन महिन्यांत मी काडी होतो की नाही."

शुभदाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती भाजी निवडायला लागली.

कोपर स्टेशनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रसिका नावाची तिशीची मुलगी कराटे शिकवायची. संध्याकाळी लहान मुलांची बॅच, सकाळी मोठ्यांची. वर्गात घड्याळ, मनगटातला पट्टा, कडं काही चालणार नाही, समोरच्याला लागतं, हा तिचा पहिला नियम. म्हणजे मनगटावरच्या यंत्राने कॅलरी मोजायची सोयच नव्हती. सुदेशला त्याचं काही वाटलं नाही. अंदाज काढणं तर त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. सहा वाजता हॉलमध्ये पाय टाकला आणि साडेसातला बाहेर पडला की तेराशे. भिंत अख्खी धरायची.

पहिल्या आठवड्यात अंग असं दुखलं की दाढी करायला हात वर होईना. दोन किलो उतरलेही. आणि मग बातमी फुटली.

बातमी फोडली रंगूआत्याने. रंगूआत्या म्हणजे धोंडीबांची धाकटी बहीण, दिवा स्टेशनजवळ एकटी राहणारी, सत्तरीतली, आवाज मात्र विशीतला. भाचा भाचीला आपल्या पोटातला तुकडा देतोय हे तिने ऐकलं आणि ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिने पदर खोचला.

"लगीन ठरलेल्या पोराचं आपण केळवण करतो," ती फोनवर सगळ्यांना सांगत सुटली. "घरोघरी बोलावून जेवू घालतो. मग हा तर जीव वाचवायला निघालाय. ह्याचं केळवण नको करायला?"

कोणाच्याही मनात पटकन उतरेल अशीच ती कल्पना होती. त्या पोराचं कौतुक तर सगळ्यांनाच करायचं होतं, पण कसं ते सुचत नव्हतं. आत्याने वाट दाखवली. रांजणोलीच्या मावसभावाने कोंबडी-वडे केले. शुभदाच्या माहेरच्यांनी श्रीखंड-पुरीचा बेत केला. बिल्डिंगमधल्या क्षिप्राताई उकडीचे मोदक घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि तो पाच मोदक खाईपर्यंत हलल्या नाहीत. कोणी पाट मांडला, कोणी रांगोळी काढली, कोणी टॉवेल-टोपी दिली. निघताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सुदेशलाही भरून यायचं. एवढी माणसं आपल्याला आपलं म्हणतात हे त्याला ह्या वयात कळत होतं. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना, आणि खरं सांगायचं तर तिला तसं वळणही नव्हतं.

"अहो, डॉक्टर काय म्हणालेत?" शुभदा विचारायची.

"हे ताट फार तर नऊशेचं. सकाळी तेराशे जाळल्यात. चारशे अजून शिल्लक आहेत."

शुभदाने कपाळाला हात लावला. तिने घरात तेल कमी केलं, भात बंद केला, पण घराबाहेरच्या ताटांपुढे तिचं काही चालेना. नवऱ्याच्या पुण्याईचं जेवण, त्याला नजर लावल्यासारखं होईल, ह्या भीतीने तीही फार बोलली नाही.

वर्गातही तीच तऱ्हा. हे काका बहिणीला यकृत देणार आहेत असं रसिकाला कळलं आणि ती त्याला फुलासारखं जपायला लागली. दोघादोघांची झुंज सुरू झाली की ती म्हणायची, "काका, तुम्ही बाजूला बसा. पोटात लागलं तर?" लाथांचा सराव असला की त्याला पुढे उभं करून आकडे म्हणायला लावायची. इची, नी, सान, शी, असे जपानी आकडे. मोजायचं काम मिळाल्यावर सुदेश खूश. खणखणीत आवाजात तो मोजायचा आणि वीस माणसं लाथा मारायची. ओरडून ओरडून त्याला घाम यायचा. तो घाम पुसताना त्याला वाटायचं, आज तर तेराशेच्याही वर गेलं असेल.

वजनाचा काटा मात्र दोन किलोंवर जो रुतला तो हलेना. सुदेशने काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला, मग बॅटरी बदलली, शेवटी तो बिघडलाय असं जाहीर केलं.

दोन महिन्यांनी दुसरं स्कॅन झालं. डॉक्टरांनी पडद्यावर जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावून दाखवलं. फरक होता, पण नखाएवढा.

"असं नाही चालणार," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "पाच आठवडे देतो. त्याच्यापुढे त्यांची तब्येत तुमच्यासाठी थांबणार नाही."

सुदेश तिथून थेट माजिवड्याला गेला. आपण काय केलं हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं होतं. ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. दोन महिन्यांत हातपाय काटक्यांसारखे झाले होते आणि पोट तेवढं पुढे आलं होतं. अंगाला सतत खाज, म्हणून मनगटावर ओरखडे. त्याने सगळं खरं सांगितलं. केळवणंसुद्धा सांगितली.

ताईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कराट्याचं किती धरतोस तू?"

"तेराशे."

"रोजचे?"

"आठवड्यातून पाच दिवस."

"मग तू एव्हाना दिसायलाच नको होतास." तिने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. "रविवारी मी येते बघायला."

"अगं, कशाला? तुला झेपणार नाही."

"बसायचंच आहे ना? बसायला मला जमतं."

रविवारी सकाळी प्रशांतनी तिला गाडीने कोपरला आणलं. हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यावर शाल पांघरून ताई बसली. सुदेशला बहिणीसमोर हुरूप आला. त्याने कमरेचा पट्टा दोनदा सोडून दोनदा बांधला. मांडी घालून डोळे मिटले, नमस्कार झाले. थोडी धावाधाव झाली. मग पॅडवर ठोसे मारायची रांग लागली आणि रांगेत तो सातवा. नंबर आला, दहा ठोसे मारले, पुन्हा रांगेच्या शेपटाला. मधेच कोणी येऊन हात हातात घेऊन म्हणालं, "काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय," त्यांच्याशी दोन शब्द बोलला. पाणी प्यायला. पुढे उभा राहून इची-नी-सान केलं. झुंज सुरू झाल्यावर भिंतीला टेकून बसला आणि पोरांना शाबासकी दिली. शेवटी पुन्हा नमस्कार.

घामाघूम होऊन तो ताईसमोर येऊन उभा राहिला. "बघितलंस?"

ताईच्या हातात मोबाइल होता. सुदेश हलला की ती त्यातलं घड्याळ चालू करायची, तो थांबला की बंद. तिने पडदा त्याच्यापुढे धरला. दीड तासांतली एकवीस मिनिटं.

सुदेशला पहिल्यांदा वाटलं, मोबाइल बिघडलाय.

"दारं-खिडक्या वजा केल्या मी," ताई म्हणाली.

"पण आबा म्हणायचे ना..."

"आबा भिंतीबद्दल म्हणायचे रे. भिंत कोणाकडे केळवणाला जात नाही."

सुदेशने तो आकडा पुन्हा पाहिला. आयुष्यात एवढ्या भिंती मोजल्या, पण स्वतःच्या एस्टिमेटमध्ये एवढं मोठं भगदाड त्याने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात रसिका जवळ आली. ताईने तिचा हात धरला.

"बाळा, तू फार चांगली आहेस. पण ह्याला असं जपू नकोस."

"तसं नाही मावशी. मला भीती वाटायची, काकांच्या यकृताला काही..."

"त्याचं नाही ते, माझं आहे," ताई म्हणाली. "आणि मला ते जरा बारीक हवंय."

रसिका हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

हॉलच्या पायऱ्या उतरताना सुदेशने ताईला दंडाला धरलं होतं. प्रशांत गाडी वळवायला पुढे गेले होते. तिसऱ्या पायरीवर ताई दमून थांबली.

"तुला एक सांगू? तू देतोस म्हणालास तेव्हा मी तुला दोनदा नको म्हटलेलं. आठवतंय?"

"हो."

"खोटं म्हटलेलं. सायीसारखंच." ती कठड्याला टेकली. "मला जगायचंय रे सुदेश. खूप जगायचंय."

लोक आपलं कौतुक करत होते आणि आपण ते चवीने खात होतो, ती मात्र माजिवड्याला एकेक दिवस ढकलत होती, हे त्याला तिथे त्या पायरीवर उमगलं. लाज वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते बरं. ताईने जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रसिकाने त्याला फैलावर घेतलं. रांगेत उभं राहायचं नाही, आपला नंबर येईपर्यंत जागच्या जागी गुडघे वर. आकडे म्हणायचं काम दुसऱ्याला. झुंजीच्या वेळी त्याला मारायला कोणी नसायचं, त्याने मात्र पॅडला मारत राहायचं. पॅड धरायला रसिका स्वतः. तो धापा टाकत म्हणायचा, "झालं का?" ती म्हणायची, "खिडक्या वजा करून अजून नाही झालं." आता तो फक्त हललेली मिनिटं धरायचा, आणि आलेला आकडाही निम्मा करायचा. असं मोजलं की पूर्वीच्या तेराशेतून जेमतेम एका पुरणपोळीपुरतं उरायचं, तीही बिनतुपाची.

राहिली होती खरी लढाई. त्याच गुरुवारी रंगूआत्याकडचं केळवण होतं. जिने ही चाल पाडली तिचंच केळवण अजून व्हायचं होतं, आणि तिला नाही म्हणायची हिंमत सबंध खानदानात कोणाची नव्हती.

सुदेश आणि शुभदा दिव्याला आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेले. पाणी दोन दिवस आलं नव्हतं. आत्याने टँकरच्या रांगेत उभं राहून चार हंडे मिळवले होते आणि त्यातला एक अख्खा पुरण शिजवायला आणि भांडी लखलखीत करायला घातला होता. पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी, ताटात तीन पुरणपोळ्या, वाटीत तूप, कटाची आमटी, कुरडया. सुदेशने ते दारातूनच पाहिलं.

तो पाटावर बसला नाही. आत्याच्या पाया पडला आणि तिथेच जमिनीवर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. स्कॅन, पाच आठवडे, ताईची एकवीस मिनिटं.

आत्या ऐकता ऐकता गप्प होत गेली. हे त्या घरात फारसं घडत नसे.

"म्हंजे माझ्यामुळं झालं," ती शेवटी म्हणाली.

"नाही गं आत्या. खाल्लं मी."

"मी काय देनार होते रे दुसरं? पैसा नाय माझ्याकडं. रक्त घ्या म्हटलं तर म्हातारीचं नको म्हनाले. हातात रांधायचं तेवढं आहे, ते केलं."

शुभदा उठून तिच्याजवळ जाऊन बसली. मग आत्याने नाक पुसलं, उठली आणि पाटासमोरचं ताट सरळ उचलून आत घेऊन गेली. आतून डबे उघडल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने ती दुसरं ताट घेऊन बाहेर आली. त्यात कुळथाची पिठी होती, अर्धी भाकरी आणि काकडीच्या फोडी.

"बस पाटावर," ती म्हणाली. "केळवण म्हंजे पाट, रांगोळी नि ओवाळनं. पोटात काय जायचं ते डॉक्टर ठरवील."

तिने निरांजन लावून त्याला ओवाळलं. काकडीच्या फोडींपुढे एवढ्या थाटाचं औक्षण अख्ख्या दिवा गावात त्याआधी झालं नसेल. सुदेश खाली मान घालून पिठी-भाकरी खात राहिला. इतकं चविष्ट तो गेल्या दोन महिन्यांत जेवला नव्हता, आणि त्याचे डोळे वाहत होते ते पिठीतल्या मिरचीमुळे, असं त्याने सांगितलं.

जेवण झाल्यावर आत्याने फोन लावायला घेतला. ज्यांची ज्यांची केळवणं झाली होती किंवा ठरली होती त्या सगळ्यांना तिने एकच सांगितलं, की आत्याचं केळवण शेवटचं असतं, त्याच्यामागून दुसऱ्या कोणी केलं तर अपशकुन होतो. हा नियम तिने तिथल्या तिथे काढला होता. पण बोलली अशा ठसक्यात की रांजणोलीच्या मावसभावाने, हो हो, आमच्याकडेही असंच मानतात, असं उत्तर दिलं.

पाच आठवडे सुदेशने हाडाची काडं केली. कधी कधी पॅडसमोर उभं राहिलं की हात उचलत नसे. मग त्याला ती तिसरी पायरी आठवायची आणि हात आपोआप वर जायचा. तिसऱ्या स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी पडदा बराच वेळ न्याहाळला.

"काय केलंत हो?"

"खिडक्या वजा केल्या," सुदेश म्हणाला. डॉक्टरांना ते कळलं नाही, पण त्यांनी तारीख दिली.

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही खाटांवरचे दिवस कठीण गेले, ताईचे तर फारच. एकदा ताप चढला तेव्हा प्रशांत आणि शुभदा हॉस्पिटलच्या जिन्यात एकमेकांची नजर चुकवत बसले होते. पण ताप उतरला, डोळ्यांतलं पिवळेपण हळूहळू गेलं, आणि एके दिवशी ताईने पलंगावरून नर्सला सुनावलं की चहा अगदीच पुचाट आहे. शेजारच्या खोलीत सुदेशला हे सांगितल्यावर तो टाक्यांवर हात दाबून हसला.

वर्ष उलटलं. ताईला घराबाहेरचं खायची परवानगी मिळाली, तीही मोजूनमापून. मग रंगूआत्याने राहिलेलं केळवण काढलं. ह्या खेपेला पाट दोन. पाणी दोनदा उकळलेलं. ताटात दोघांना एकेक पुरणपोळी आणि पोळीवर एकेक चमचा तूप, त्याहून एक थेंब जास्त नाही. आत्याने दोघांना ओवाळलं आणि समोर गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली.

सुदेशने सवयीने ताटावर नजर फिरवली आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

"मोजतोयस?" ताई म्हणाली.

"सवय गं."

"मग हे मोज. डॉक्टर म्हणाले, माणूस नुसता झोपलेला असला तरी यकृत राबत असतं. त्याला बसणं नाही, रांग नाही. म्हणजे तुझा तो तुकडा इथे माझ्या पोटात रात्रंदिवस जाळतोय. त्याच्या कॅलरी कोणाच्या धरायच्या? तुझ्या की माझ्या?"

सुदेशने विचार केला. खरंच केला, कारण एस्टिमेटचा प्रश्न त्याला थट्टेत घेता येत नसे. पण मापं जुळेनात. तो तुकडा वाढत गेला होता, तिच्या रक्तावर वाढला होता, आणि मुळात तिच्याच सायीवर पोसला होता.

"हे आपल्याला नाही काढता येत ताई," तो म्हणाला. "ह्याची भिंत अख्खीच धरायची."

ताई हसली. तिने पोळीचा तुकडा मोडला. मग तिचा हात नेहमीसारखा आपल्या पोळीवरच्या तुपाकडे गेला. ते बोटाने निपटून शेजारच्या ताटात सारायची तिची जुनी खोड, इतकी जुनी की तिला तरी ती ठाऊक होती की नाही देव जाणे. सुदेशने ते पाहिलं. ताईचं बोट दोन ताटांच्या मधे आलं, थोडं थांबलं आणि माघारी वळलं. ते तूप तिने आपल्याच घासाला लावलं आणि डोळे मिटून खाल्लं.

"वास येत नाही ना?" सुदेशने विचारलं.

"छान लागतंय," ताई म्हणाली आणि दुसरा घास घेतला.